डिझेलमधून वाफ

रविवारी सकाळी विलेम हाव्रानेक तळघरातून वर आला तो हात पाठीमागे ठेवून. इतक्या वर्षांच्या संसारात द्राहाला एवढं कळून चुकलं होतं, की नवरा हात पाठीमागे ठेवून आला की एकतर त्यानं बोट कापून घेतलेलं असतं, नाहीतर काहीतरी करून दाखवलेलं असतं. कापलेलं बोट तिला परवडायचं.

त्यानं टेबलावरची चिरलेली गाजरं मनगटानं बाजूला सारली आणि मोकळ्या जागेत एक वाफेचं इंजिन ठेवलं. अंगठ्याएवढं. पितळेच्या पत्र्याचं, अजून रंग न दिलेलं, सांध्यासांध्यांवर डाख चमकणारं.

"बसलं," तो म्हणाला.

"कुठं बसलं?" द्राहा सॉससाठी कंदमुळं परतत होती. तिनं मान वळवली नाही.

"चाकांवर. अगं, बाबांची कॉफीचक्की चाकांवर बसली!"

कॉफीचक्की म्हणजे आमच्या डोंगराळ भागातल्या रेल्वेफाट्यावर धावणारं जुनं, ठेंगणं इंजिन. चढाला लागलं की कुणीतरी कॉफीच्या बिया दळत असल्यासारखा आवाज करायचं, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. विलेमच्या वडिलांनी, आल्फोन्सनी, उभा जन्म त्यात कोळसा ओढला. आणि विलेमनं उभा जन्म त्याची एकशेविसाव्या हिश्शाची प्रतिकृती करण्यात घालवला. मधल्या फावल्या वेळात तो गावाला कवळ्या बनवून द्यायचा. दाताचा मुकुट ओततात तसंच त्यानं या इंजिनाचं धुराडं ओतलं होतं, आणि धुराड्याशेजारचा घुमट तर एका गिऱ्हाइकानं न नेलेल्या दाढेचाच होता. गाडं अडलं होतं ते खालच्या अंगाला. एवढ्याशा इंजिनात मावेल अशी मोटर, आणि नेमक्या तेवढ्याच अंतरावरची तीन जोडचाकं, त्याला कुठं म्हणजे कुठं मिळाली नव्हती.

द्राहाचा झारा थांबला. "मग आता कुठं मिळाली?"

विलेम गाजराचे तुकडे एका ओळीत लावू लागला.

"विलेम."

"छान बसलीत गं. एका केसाचाही फरक नाही. जणू त्यासाठीच केलेली."

"विलेम, ल्युबोरनं दिलेलं निळं इंजिन कुठाय?"

"हे काय," विलेमनं बोट दाखवलं. "खालून बघितलंस तर."

झारा पातेल्यात पडला. आवाज ऐकून त्यांची मुलगी रेनाटा केसांत गुंडाळ्या अडकवलेल्या अवस्थेत धावत आली. तिच्यामागून वरच्या मजल्यावरची हेडविका, विलेमची थोरली बहीण. तिला या घरातला प्रत्येक पडलेला झारा ऐकू येत असे.

"आत्या, बाबांनी ते कापलं," रेनाटा म्हणाली. तिनं फक्त चाकं पाहिली होती, पण या घरात वाढलेल्या मुलीला तेवढं पुरलं.

"कापलं म्हणजे वाया काही घालवलं नाही," विलेम म्हणाला. "सांगाडा, चाकं, मोटर खाली घेतली. मागच्या पायऱ्या कापून घेतल्या. केबिनचं छप्पर कोळशाच्या पेटीला लागलं. डुक्कर कापलं तरी त्याचं कुणी एवढं वापरत नाही."

"बाबा, ते तीस वर्षं खोक्यातून बाहेर आलं नव्हतं!"

"तेच म्हणतोय मी. तीस वर्षं अंधारात! मी बाहेर काढलं बिचाऱ्याला."

आता इथं ल्युबोर रेझेकबद्दल सांगायला हवं. रेनाटाचं पहिलं लग्न मोडून बराच काळ लोटल्यावर तिला भेटलेला हा पहिलाच माणूस असा होता, की जो जेवताना स्वतःबद्दल बोलत नसे. तो बोलायचा इंजिनांबद्दल. ते ऐकून विलेमला वाटलं, देवानं जावई नव्हे, भाऊच पाठवला. दोघांनी तासन्‌तास गप्पा मारल्या, आणि एक करतो नि दुसरा जमवतो हा फरक दोघांच्याही लक्षात आला नाही. ल्युबोर जिल्ह्याच्या अभिलेखागारात कामाला होता. घरी त्याच्या दिवंगत वडिलांनी जमवलेली आणि त्यानं वाढवलेली छोटी इंजिनं होती, सगळी आपापल्या मूळ खोक्यांत, एकही कधी न उघडलेलं. त्यातलं सगळ्यात अमोल म्हणजे हे निळं डिझेल. कारखान्यात चुकून त्याच्यावर पिवळ्याऐवजी लाल पट्टा छापला गेला होता आणि तशी मोजकीच बाहेर पडली. गेल्या खेपेला ते त्यानं विलेमच्या हातात दिलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. "हे आता तुमचं," तो म्हणाला होता.

"माझंच ना मग?" विलेम म्हणाला. "चांगली वस्तू मिळाली की माणसानं तिचं काहीतरी करावं. नुसती ठेवून द्यायला मी काय संग्रहालय आहे?"

"तो मुलगा चांगला आहे रे, तो समजून घेईल," हेडविका म्हणाली. भावजयीच्या विरोधात भावाची बाजू घेणं ही तिची जुनी सवय होती. विषय कुठला हे ती नंतर बघायची.

"तो घेईल," रेनाटा म्हणाली. "त्याची आई आज पहिल्यांदा येतेय. काल फोनवर काय म्हणाली ठाऊक आहे? 'आमच्या यांचं इंजिन तुम्ही कुठं मांडलंय ते बघायचंय, मग लग्नाची तारीख ठरवू.' आत्या, ल्युबोरचं याआधी एकदा जमलेलं लग्न मोडलंय. त्या मुलीनं एका खोक्यावर चहाचा कप ठेवला होता."

हेडविकानं भावाकडे पाहिलं. "गाढवा," ती म्हणाली, आणि एका क्षणात द्राहाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मी खोटं बोलणार नाही," विलेमनं जाहीर केलं. "मी त्यांना हे दाखवणार. त्यांना आनंद होईल. त्यांच्या नवऱ्याची मोटर माझ्या वडिलांच्या इंजिनात धावतेय, याहून मोठा मान कुठला?"

"तू दाढी करायला जा," द्राहा म्हणाली.

तो गेला. इंजिन मात्र खिशात घालून गेला.

तिघी तळघरात उतरल्या. विलेमच्या टेबलावर निळ्या डिझेलचं उरलंसुरलं कवच होतं: तोंडाकडचा लांब भाग एकसंध, केबिनचे दोन तुकडे, छप्पर नाही. खोका मात्र शाबूत होता. विलेमनं तो स्क्रू ठेवायला घेतला होता.

"चाकं काही दिसत नाहीत," हेडविका खोका डोळ्यांसमोर धरून म्हणाली. पुढच्या बाजूला पारदर्शक कागदाची खिडकी होती आणि तिच्या खालच्या अंगाला पुठ्ठ्याची पट्टी. "वरचं तेवढं चिकटवलं की झालं. छप्पर म्हणून निळा कागद लावू. डिंक कुठाय?"

"डिंक वाळेपर्यंत ते दारात असतील," रेनाटा म्हणाली.

पण दंततंत्रज्ञाच्या घरात चिकटवायच्या वस्तूंची वाण नसते. हेडविकानं कवळीचं गुलाबी मेण हाताच्या उबेनं मऊ केलं, आतल्या बाजूनं सांध्यांवर दाबलं, आणि डिझेल उभं राहिलं. दोन पावलांवरून बघितलं तर फारच छान. एका पावलावरून बघितलं तर त्याला नुकतंच भुलीचं इंजेक्शन दिल्यासारखं वाटे.

"आता हलवू नका म्हणावं," हेडविका म्हणाली आणि तिनं खोका उचलला. तिचा चेहरा पडला. "अगं, हे तर रिकाम्या काडेपेटीसारखं लागतंय. मोटरीचं वजनच गेलं की! बाईनं हातात घेतलं तर?"

"काहीतरी भरू. शिसं आहे का बाबांचं?"

शिसं होतं, पण ते ज्या डब्यात होतं त्यावर विलेमनं 'साखर' असं लिहून ठेवलं होतं, आणि साखर असं लिहिलेले डबे तिथं पाच होते. तेवढ्यात वर घंटी वाजली. रेझेक मंडळी वेळेआधी पंधरा मिनिटं आली होती. चांगल्या घरची माणसं असं करत नाहीत. पण ज्यांना घर बघायचं असतं ती करतात.

द्राहा खोका घेऊन स्वयंपाकघरात धावली. तिथं आत्ताच पातेल्यातून काढलेला क्नेडलीक फळीवर वाफाळत पडला होता. क्नेडलीक म्हणजे उकडलेल्या पिठाचा हातभर लांब लोडच. त्याच्या चकत्या करायला सुरी चालत नाही, दोरा लागतो. द्राहानं दोरा फिरवला, टोकाचा गुबगुबीत तुकडा पातळ चंदेरी कागदात गुंडाळला, डिझेलच्या पोटात खुपसला आणि खोका बंद करून हातात तोलला.

"बरोबर," ती म्हणाली. बाजारात ती मांस तसंच तोलायची आणि कसाई तिला घाबरायचा.

ल्युबोरच्या आई क्लोटिल्डा रेझकोवा या बाईंविषयी हाव्रानेकांच्या घरात जी भीती होती ती त्यांना ठाऊक होती आणि आवडतही होती. दारात त्यांनी बूट काढले, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता नाकारून पिशवीतून स्वतःच्या सपाता काढल्या, द्राहाच्या हातात फुलं दिली आणि बैठकीच्या खोलीत जाऊन सरळ काचेच्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. स्फटिकाच्या पेल्यांच्या मधोमध खोका होता.

"वा," त्या म्हणाल्या. "पेल्यांच्या मध्ये. हे खूष झाले असते."

"आम्ही रोज बघतो," हेडविका म्हणाली.

"हातात घेऊ?"

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी कपाट उघडून खोका घेतला. दर शनिवारी त्या तो पुसत आल्या होत्या. त्यांचा तळहात त्याला ओळखत होता. वजन ठीक होतं. फक्त एक गोष्ट त्यांना नवीन वाटली.

"कोमट आहे," त्या म्हणाल्या.

"ऊन येतं ना त्या कपाटावर," द्राहा म्हणाली. बाहेर सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

"आज हे टेबलावर राहू दे. माझ्या शेजारी," रेझकोवाबाईंनी ठरवलं. "यांच्यासमोर तारीख ठरेल. तुमची हरकत नाही ना, हाव्रानेकसाहेब?"

विलेम गुळगुळीत दाढी करून, टाय लावून, तोंड शिवल्यासारखा बसला होता. त्याला सांगण्यात आलं होतं की त्यानं तोंड उघडलं तर त्याच्या मुलीचं लग्न मोडेल. तेव्हा तो सूपसुद्धा जेमतेम ओठ विलग करून पीत होता. "माझी?" तो म्हणाला. "माझी कसली हरकत? मला कोण विचारतंय?"

"बाबा लाजतात," रेनाटा म्हणाली.

सूप चालू असताना बोलणं लग्नाकडे वळलं. मे नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मे महिन्यात लग्न केलं की नवरी टिकत नाही असं दोन्ही घरांत मानत होते. "माझं मेमध्येच झालं होतं," रेनाटा म्हणाली, "नवरा टिकला नाही." रेझकोवाबाई हसल्या. पहिल्यांदाच. टेबलाखाली द्राहानं नणंदेचा हात दाबला. सगळं सुरळीत चाललं होतं.

ल्युबोर हसला नाही. तो खोक्याकडे बघत होता.

"आई," तो म्हणाला, "खिडकी धुरकट झालीय."

सगळ्यांनी पाहिलं. पारदर्शक कागदावर आतून धुकं धरलं होतं, आणि त्या धुक्यामागं निळं डिझेल थंडीतल्या पहाटेसारखं अंधूक दिसत होतं. बघता बघता खोक्याच्या वरच्या फटीतून वाफेची एक बारीक रेघ निघाली आणि सरळ वर गेली.

"हे डिझेल आहे ना?" रेझकोवाबाईंनी विचारलं.

"डिझेलच आहे," ल्युबोर पांढराफटक पडत म्हणाला.

"मग वाफ कसली?"

विलेमला राहवलं नाही. "ते मनानं वाफेचंच झालंय आता," तो पुटपुटला. हेडविकानं त्याच्या पायावर पाय दिला.

"दमट!" ल्युबोर उभा राहिला. "आत दमट झालंय! पुठ्ठा फुगेल, छपाई सुटेल! रुमाल द्या, कोरडा रुमाल!" आणि तेवढ्यात डिझेलनं मान टाकली. आतलं मेण वाफेच्या उबेनं पाघळलं होतं. तोंडाकडचा लांब भाग हळूहळू, फार अदबीनं, रेझकोवाबाईंपुढे झुकला.

त्यानंतर जे झालं ते ल्युबोर रेझेकच्या आयुष्यात कधीच झालं नव्हतं. त्यानं खोका उघडला. स्वतःच्या हातानं, वडिलांचा खोका. डावीकडची पट्टी, उजवीकडची पट्टी, मग आतला पुठ्ठा. आणि सगळं बाहेर ओढलं. टेबलावर पडले ते निळ्या प्लॅस्टिकचे तीन तुकडे, गुलाबी मेणाच्या तारा, आणि चंदेरी कागद उलगडून बाहेर आलेला, अजून वाफाळणारा, क्नेडलीकचा तुकडा.

रेझकोवाबाईंनी तो तुकडा काट्यानं किंचित उचलून पाहिला.

"तीस वर्षं," त्या सावकाश म्हणाल्या, "तीस वर्षं मी हे पुसत होते?"

"नाही हो, नाही!" रेनाटा ओरडली. "हा आजचा आहे!"

"ते कळतंय मला. मऊ आहे." त्यांनी काटा खाली ठेवला. "आता कुणीतरी मला सांगा."

रेनाटानं सांगितलं. सगळं, एका दमात: चाकं, पायऱ्या, छप्पर, मेण, क्नेडलीक. बाबांना खरं सांगायचं होतं आणि आम्ही त्यांना गप्प बसवलं, हेही. ते ऐकताना ल्युबोरनं निळे तुकडे एकावर एक ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले, आणि काही न बोलता मागच्या दारानं अंगणात निघून गेला. पायातल्या घरच्या सपातासुद्धा न बदलता. रेझेकांच्या घरी ही फार गंभीर गोष्ट होती.

"जा," द्राहा नवऱ्याला म्हणाली.

"आत्ता जा? सकाळी म्हणालीस तोंड उघडू नको."

"आता उघड! सगळं मोडलंय, आता उघड!"

ल्युबोर सशांच्या खुराड्यापाशी उभा होता. एक करडा ससा जाळीतून त्याच्याकडे बघत होता आणि तो सशाकडे. विलेम येऊन शेजारी उभा राहिला. मेलेल्या माणसाच्या घरी कवळीचं माप परत द्यायला गेल्यावर तो असाच उभा राहायचा.

"लहानपणी वाढदिवसाला बाबा एक खोका खाली काढायचे," ल्युबोर सशाला म्हणाला. "मी खिडकीतून बघायचो. मग ते परत वर ठेवायचे. निळ्या डिझेलसाठी मी दहा वर्षांचा होईपर्यंत थांबलो होतो."

"मला वाटलं तुला आवडेल रे," विलेम म्हणाला. "खरंच वाटलं. माझं कुणी कापलं असतं तर मला..." तो थांबला, कारण त्यानं क्षणभर खरंच विचार केला. "नाही. मलाही नसतं आवडलं."

ल्युबोरनं जाळीत अडकलेलं गवताचं पातं सशाकडे सरकवलं.

"तुम्ही उघडलंत तेव्हा," ल्युबोर म्हणाला, "आत काय होतं?"

"म्हणजे?"

"मोटर कुठल्या रंगाची आहे?"

विलेमनं त्याच्याकडे पाहिलं. माणसाच्या घरात भिंतभर इंजिनं, आणि मोटरीचा रंग माहीत नाही!

"काळी. तांब्याच्या तारेचे तीन वेढे, अगदी सुबक. पण वंगण सुकून चिक्कीसारखं झालं होतं. सुईनं खरवडून काढलं, नवा थेंब दिला, मग गुरगुरली. तसंच चालवलं असतंस तर जळली असती."

"तसं मी चालवलं नसतंच."

"तेही खरं." विलेमनं खिशातून कॉफीचक्की काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "ही बघ. उलटी कर. दिसली?"

ल्युबोरनं उलटी केली. लाल चाकांच्या मधून काळ्या मोटरीची कड दिसत होती. त्यानं ती बराच वेळ पाहिली. मग इंजिन सुलटं केलं, आणि आता मात्र त्याच्या डोळ्यांत वेगळाच भाव आला. अभिलेखागारात एखादा कागद अचानक हाती लागल्यावर येतो तसा.

"असं आणखी कुणाकडे आहे?"

"असं कसं असेल? हे मी केलंय."

"म्हणजे जगात एकच."

"एकच. आणि त्याचाही घुमट खरं तर एका बेकरीवालीची दाढ आहे."

"हाव्रानेकसाहेब, ब्रनोमध्ये एक माणूस आहे," ल्युबोर हळू आवाजात म्हणाला, जणू ससा चुगली करेल. "माझ्याकडे जे जे आहे ते सगळं त्याच्याकडे आहे. लाल पट्ट्याचं डिझेलसुद्धा. माझ्याकडे नाही असंही बरंच आहे. दरवर्षी मेळाव्यात भेटतो आणि विचारतो, 'काय रेझेक, काही नवीन?' ही त्याच्याकडे नाही. कधीच असणार नाही." "ही मला द्या."

"तुला?"

"हिला खोका आहे का?"

"खोका? अरे, ही धावायला केलीय! रुळांवर!"

"धावली की चाकांना ओरखडे पडतात."

"पडायलाच हवेत! बाबांच्या इंजिनाला काय कमी होते?"

"तुम्हीच सकाळी म्हणालात म्हणे, एकदा दिलं की ज्याचं त्यानं काय ते करावं," ल्युबोर म्हणाला. रेनाटानं खरोखरच सगळं सांगितलं होतं. "मी दिलं, तुम्ही कापलंत. तुम्ही द्या, मी ठेवीन."

विलेमनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत पडद्याच्या कडेला तीन डोकी एकावर एक रचलेली होती. सगळ्यात खालचं रेनाटाचं. एका बाजूनं पिन सुटून तिचे केस तोंडावर आले होते आणि तिला ते बाजूला सारायचंही भान नव्हतं. पहिल्या नवऱ्याच्या वेळी ती खिडकीशी अशी कधी उभी राहिली नव्हती.

"देतो," विलेम म्हणाला. आयुष्यभर त्यानं लोकांना दात काढून टाकायचा सल्ला दिला होता. त्यावर लोक असा चेहरा का करतात ते त्याला आज समजलं.

दोघं आत आले तेव्हा टेबलावर सॉस, मांस आणि क्रॅनबेरी वाढलेलं होतं आणि रेझकोवाबाई जेवत होत्या. "मी रागावलेलीच आहे," त्यांनी सगळ्यांना कल्पना दिली. "पण सॉस गार होईल." चंदेरी कागदातला तुकडा त्यांच्या ताटाच्या कडेला, पुराव्यासारखा, वेगळा ठेवलेला होता.

ल्युबोरनं कॉफीचक्की आईसमोर ठेवली. बाबांची मोटर इथं आहे, काळी आहे, आणि हे असं जगात एकच आहे, असं त्यानं सांगितलं. ब्रनोचा उल्लेख येताच रेझकोवाबाईंचा काटा हवेत थांबला.

"त्या ब्रनोवाल्याकडे नाही?"

"नाही, आई."

"हे गेले तेव्हा तो भेटायला आला होता," त्या टेबलाला म्हणाल्या. "अजून फुलं सुकली नव्हती, आणि हा विचारतो, निळं विकणार का." त्यांनी कॉफीचक्कीकडे पाहिलं, मग विलेमकडे. "हाव्रानेकसाहेब, तुम्ही फार विचित्र माणूस आहात. असो. लग्नाच्या दिवशी द्या. नगरभवनात, अंगठ्या घालून झाल्यावर."

"पण पूर्ण करून," ल्युबोर घाईनं म्हणाला. "रंग, क्रमांक, रिव्हेट, सगळं. अर्धवट वस्तू संग्रहात घेत नाहीत. पूर्ण झाली की लगेच लग्न."

"अर्थात पूर्ण करून," विलेम दुखावल्या स्वरात म्हणाला. "अर्धवट कोण देईल?"

"मग जूनमध्ये दोन्ही एकदम उरकू," रेझकोवाबाई म्हणाल्या.

टेबलाची पाहुण्यांकडची बाजू समाधानानं जेवू लागली. हाव्रानेकांकडच्या बाजूनं काटे खाली ठेवले. कारण या घरात, आल्फोन्सच्या काळापासून आजतागायत, एकही इंजिन पूर्ण झालेलं नव्हतं. तळघरातल्या फळीवर ती एकामागं एक उभी होती: कुणाला दारं नव्हती, कुणाला दिवे नव्हते, एकाला नुसता एका बाजूचा रंग होता, कारण दुसऱ्या बाजूच्या हिरव्याबद्दल विलेमला शंका आली आणि ती अजून फिटली नव्हती.

"जून म्हणजे," हेडविकानं निरागसपणे विचारलं, "कुठल्या वर्षीचा?"

पाहुणे गेल्यावर विलेम तळघरात जाऊन दिव्याखाली बसला. पाठोपाठ रेनाटा उतरली. तिनं आईचा एप्रन बांधला होता.

"काय काय राहिलंय?"

"घाई केली की रंग फुटतो, रेनाटा."

"मी रंगाचं विचारलं नाही. काय काय राहिलंय?"

तो सांगू लागला. पाण्याच्या टाक्यांचे बाजूचे पत्रे, त्यांवरचे रिव्हेट, हातदांडे, वाफेची नळी, दिवे, अस्तराचा रंग, मग काळा, मग क्रमांक, मग धुराचा आणि गंजाचा मळकटपणा. तो सांगत होता आणि ती टाकीचा पत्रा उलटा करून लाकडावर ठेवत होती, बोथट केलेली ग्रामोफोनची सुई हातात घेत होती. लहानपणी हे तिनं शंभरदा बघितलं होतं. सुईवर हातोडीचा हलका टोला, की पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला मोहरीहून बारीक पुळी उठते. तो एक रिव्हेट. मग पुढचा.

"हलक्या हातानं," विलेम म्हणाला.

"हो."

"मनगट नको, बोटं."

"बाबा."

ती ठोकत राहिली. रांग संपली तशी त्यानं पत्रा चिमट्यात धरून डोळ्याला भिंग लावलं.

"शेवटचे चार. वर चढलेत."

"कितीसे?"

"केसभर. पण चढलेत. पत्रा टाकून देऊ, नवा कापू. चार दिवसांचं काम."

रेनाटानं सुई खाली ठेवली. "बाबा, ल्युबोर ही खोक्यात ठेवणार. आणि तो खोका उघडणार नाही. तुम्हाला माहीत आहे तो उघडणार नाही. हे चार रिव्हेट जगात कुणालाही, कधीही दिसणार नाहीत."

"मला माहीत असेल ना!"

"हो. तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली. "आणि जूनमध्ये माझं लग्न असेल."

विलेमनं पुन्हा भिंग लावलं. चार रिव्हेट. बाबांच्या इंजिनाच्या डाव्या टाकीवर, पायऱ्यांच्या वर, जिथून बाबा वाकून स्टेशनवरच्या पोरांना हात करायचे. भिंगातून त्याला ते सुपारीएवढे दिसत होते. त्यानं चिमटा खाली ठेवला, भिंग कपाळावर सरकवलं आणि डोळे पुसले; डाखेचा धूर डोळ्यांत गेला असावा, फक्त आज डाख तापवलेलीच नव्हती.

"राहू दे," तो म्हणाला.

हाव्रानेकांच्या तळघरात हे शब्द याआधी कुणी उच्चारलेले नव्हते. रेनाटा उठली, तिनं त्याच्या टकलावर ओठ टेकले. मग दिव्याखालची कॉफीचक्की आणि तो पत्रा दोन्ही उचलून एप्रनच्या खिशात टाकले, सुईसुद्धा घेतली, आणि वर निघून गेली. वडिलांच्या शब्दावर तिचा पूर्ण विश्वास होता. फक्त ती त्यांना ओळखत होती.